विहिरीपाशी थांबलेली सहल

"मॅडम, बच्चों को रुलाने के वास्ते इत्ते दूर कायकू ले जारे?"

शाळेच्या व्हरांड्यात एका विद्यार्थिनीच्या अम्मीने मला हा प्रश्न विचारला, तेव्हा तिच्या हातात सहलीचे संमतिपत्र होते आणि त्यावर सही नव्हती. सहल म्हटली की अजिंठा-वेरूळ, दौलताबाद, फार तर महाबळेश्वर. आम्ही मात्र नववीच्या मुलांना नांदेडहून थेट अमृतसरला नेणार होतो आणि तिथे जालियनवाला बाग व फाळणी संग्रहालय दाखवणार होतो. ती पुढे हळू आवाजात म्हणाली, "आणि फाळणीचं म्हणता. तिथं आमच्या पोरींकडं कुणी बोट दाखवलं तर?"

खरा प्रश्न हा दुसराच होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ होते, दुसऱ्याचे नव्हते. मी तिला एवढेच म्हटले, "मी मुलींच्या सोबत असेन." दोन दिवसांनी तिने सही केली, पण अट घातली की रोज रात्री इशाच्या नमाजनंतर मुलीशी फोनवर बोलणे झाले पाहिजे. तीन घरांनी मात्र नकारच दिला. आम्ही त्यांना आग्रह केला नाही. त्या अम्मीला तेव्हा जे नीट सांगता आले नाही, ते आज या लेखातून सांगण्याचा प्रयत्न करते. कारण हा प्रश्न एका आईचा नाही. इतिहासातली दुःखे मुलांना दाखवावीत का, कोणत्या वयात आणि कशी, हा आपल्या प्रत्येक घराचा प्रश्न आहे.

जाण्याआधी

आमच्या संस्थेत उर्दू आणि मराठी अशी दोन्ही माध्यमे आहेत. एकाच आवारात दोन रांगा, दोन प्रार्थना. मी उर्दू विभागात उर्दू आणि मराठी शिकवते. सहल दोन्ही विभागांची एकत्र काढायची, असे मराठी विभागातल्या इतिहासाच्या सरांनी सुचवले. ते म्हणाले, "फाळणी बघायला वेगवेगळ्या डब्यांत बसून जायचं का?" त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हते.

निघण्याआधी आम्ही दोघांनी मिळून तीन तास घेतले. पहिल्या तासाला नकाशा दाखवला, दुसऱ्याला घटनांचा क्रम सांगितला. तिसऱ्या तासाला विषय होता अदब. अशा ठिकाणी कसे वागायचे?

हा तास मी घेतला आणि सुरुवात सीरतमधल्या एका प्रसंगाने केली. तबूकच्या मोहिमेवर जाताना प्रेषित मुहम्मद (सल्ल.) समूद लोकांच्या उजाड वस्तीवरून, हिज्रवरून गेले. तिथे त्यांनी आपल्या साथीदारांना बजावले की या घरांमध्ये शिरायचे तर रडत शिरा, नाहीतर शिरू नका. आणि स्वतः डोके झाकून ते तिथून घाईने पुढे गेले. ती जागा अल्लाहच्या शिक्षेची होती आणि आम्ही जाणार होतो ती निरपराधांच्या मरणाची. दोन्हींत फरक आहे, हे मी मुलांना स्पष्ट सांगितले. पण एक धडा दोन्हीकडे लागू पडतो. जिथे माणसे संपली, ती करमणुकीची जागा नव्हे. कुरआनमध्ये ठिकठिकाणी जमिनीवर हिंडून आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहण्यास सांगितले आहे. हे पाहणे डोळ्यांसाठी नसून अकलेसाठी आणि काळजासाठी आहे.

मराठी विभागातल्या एका मुलाने विचारले, "मॅडम, रडू आलंच नाही तर?"

मी म्हटले, "तर गप्प राहा. गप्प राहणंसुद्धा चालतं."

सचखंड एक्स्प्रेस

नांदेड आणि अमृतसर या दोन शहरांचे नाते आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. गुरू गोविंदसिंगजींचे देहावसान 1708 मध्ये नांदेडला झाले. हुजूर साहिबहून निघणारी सचखंड एक्स्प्रेस दोन हजारांच्या आसपास किलोमीटर कापून दुसऱ्या दिवशी अमृतसरला पोहोचते. या गाडीची एक गोष्ट सगळ्या हिंदुस्थानात प्रसिद्ध आहे. वाटेतल्या स्टेशनांवर शीख सेवेकरी लंगरच्या बादल्या घेऊन येतात आणि डब्यातल्या कोणालाही जात-धर्म न विचारता वाढतात. फक्त आपले ताट पुढे करायचे. आमच्या मुलींनी घरून बांधून आणलेले पराठे बाजूला ठेवले आणि वरण-पोळीसाठी ताटल्या पुढे केल्या. सहलीचा पहिला धडा तिथेच झाला, आणि तो आम्ही शिकवलेला नव्हता.

रात्री उशिरा भोपाळ आले. बरीच मुले झोपली होती. जागी होती त्यांना मी खिडकीतून फलाट दाखवला आणि 2 डिसेंबर 1984 ची रात्र सांगितली. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला होता. तेव्हा या स्टेशनचे उपस्टेशन अधीक्षक होते गुलाम दस्तगीर. फलाटावर माणसांनी भरलेली गाडी उभी होती. तिची सुटण्याची वेळ झाली नव्हती. त्यांनी ती वेळेआधी सोडायला लावली, भोपाळकडे येणाऱ्या गाड्या रोखण्यासाठी आजूबाजूच्या स्टेशनांना कळवले आणि स्वतः त्या विषारी हवेत राहून लोकांना मदत करत राहिले. त्या वायूचा त्रास त्यांना पुढे आयुष्यभर पुरला. भोपाळमध्ये आज पीडितांनीच उभारलेले छोटे संग्रहालय आहे. तिथे गेलेल्यांच्या साध्या वस्तू आणि मागे राहिलेल्यांचे आवाज जपले आहेत. गाडी पाच-दहा मिनिटांत हलली, पण खिडकीपाशी बसलेली मुले फलाट मागे पडेपर्यंत बाहेर पाहत होती.

बाग, जी बाग नाही

जालियनवाला बागेत शिरण्याची गल्ली अरुंद आहे. 13 एप्रिल 1919, बैसाखीचा दिवस. जनरल डायर याच वाटेने आपले सैनिक घेऊन आत आला. चिलखती गाड्या या गल्लीत मावल्या नाहीत म्हणून बाहेर राहिल्या. आत रौलट कायद्याचा आणि नेत्यांच्या अटकेचा निषेध करणारी सभा चालू होती. बैसाखीसाठी खेड्यांतून आलेले लोकही तिथे बसले होते. डायरने पांगण्याची सूचना न देता गोळीबाराचा हुकूम दिला. पन्नास बंदुका सुमारे दहा मिनिटे चालू होत्या आणि 1650 फैरी झाडल्या गेल्या. सरकारी आकडा 379 मृतांचा आहे, काँग्रेसच्या चौकशीने तो हजारांच्या घरात सांगितला. शहरात संचारबंदी होती, त्यामुळे जखमी रात्रभर तिथेच तडफडत पडले.

भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा आजही चौकटी करून दाखवल्या आहेत. ज्या विहिरीत जीव वाचवण्यासाठी लोकांनी उड्या घेतल्या, ती शहीदी विहीरही आहे. मी मुलांना रतनदेवींची हकिगत सांगितली. नवऱ्याचे प्रेत त्यांना बागेत सापडले, पण संचारबंदीत उचलायला कोणी मिळेना. कुत्री जवळ येऊ नयेत म्हणून हातात काठी घेऊन त्या सबंध रात्र त्या प्रेताशेजारी बसून राहिल्या. काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे त्यांनी ही साक्ष दिली आहे. हजाराचा आकडा मुलांच्या डोक्यावरून जातो. काठी घेऊन बसलेली एक बाई जात नाही.

त्या सभेचे कारण मात्र मुलांना मुद्दाम सांगावे लागले. 10 एप्रिलला अमृतसरच्या दोन लाडक्या पुढाऱ्यांना अटक करून धर्मशाळेला पाठवले होते. एक डॉ. सत्यपाल आणि दुसरे डॉ. सैफुद्दीन किचलू. त्याच्या आदल्या दिवशी रामनवमी होती. त्या मिरवणुकीत हिंदू आणि मुसलमान एकत्र चालले आणि एकाच भांड्यातून पाणी प्याले. तेव्हाच्या सोवळ्या-ओवळ्याच्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. इंग्रज अधिकाऱ्यांना नेमकी याच एकीची धास्ती वाटली. बागेत पडलेल्यांमध्ये हिंदू, शीख, मुसलमान सगळे होते. पुढे 1940 मध्ये लंडनला मायकेल ओडवायरवर गोळ्या झाडणाऱ्या उधमसिंगांनी कैदेत आपले नाव सांगितले, ते होते राम मोहम्मद सिंग आझाद.

आमच्या उर्दू विभागातल्या एका मुलाने किचलूंचे नाव वहीत दोनदा लिहून घेतले. "मॅडम, हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं," तो म्हणाला. खरे तर ते त्याच्या पाठ्यपुस्तकात होते. पण पुस्तकातले नाव आणि जागेवर उभे राहून ऐकलेले नाव यांत फरक पडतो.

2021 मध्ये बागेचे नूतनीकरण झाले. अरुंद गल्लीच्या दोन्ही भिंतींवर आता हसऱ्या माणसांची शिल्पे आहेत. त्यावर इतिहासकारांनी टीका केली होती. आम्ही गेलो तेव्हा त्या शिल्पांना टेकून लोक हसत सेल्फी घेत होते. आमच्या मुलांचे फोन आम्ही आधीच गोळा केले होते. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, इथून तर डायर आला होता ना?" मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तीन तासांचा वर्ग वाया गेला नव्हता.

"यात आपण कोण?"

फाळणी संग्रहालय अमृतसरच्या जुन्या टाउन हॉलमध्ये आहे. ते 17 ऑगस्ट 2017 रोजी खुले झाले. ही तारीख मुद्दाम निवडलेली आहे. 17 ऑगस्ट 1947 ला रॅडक्लिफ रेषा जाहीर झाली होती. म्हणजे स्वातंत्र्य आधी मिळाले आणि आपले गाव कोणत्या देशात आहे, हे लोकांना दोन दिवसांनी कळले. सिरिल रॅडक्लिफ त्याआधी कधी हिंदुस्थानात आले नव्हते आणि ही रेषा आखायला त्यांना पाचच आठवडे मिळाले. सव्वा कोटीच्या आसपास माणसे घर सोडून निघाली. किती मेली याचे अंदाज दोन लाखांपासून दहा लाखांच्या पुढे जातात.

संग्रहालयात राजे-महाराजांचे काही नाही. कुलूप, भांडी, पत्रे, कपडे, ट्रंका. निर्वासितांनी स्वतः आणून दिलेल्या वस्तू आणि त्यांच्या तोंडच्या हकिगती. एक फुलकारीचा कोट आहे आणि एक चामड्याची बॅग. लग्न ठरलेल्या एका मुलीचा आणि मुलाचा हा ऐवज. पळापळीत त्यांची ताटातूट झाली. अमृतसरच्या निर्वासित छावणीत जेवणाच्या रांगेत ते पुन्हा भेटले आणि पुढे त्यांचे लग्न झाले. मुली या काचेसमोर सर्वांत जास्त वेळ उभ्या होत्या.

नंतर विहीर आली. संग्रहालयाच्या आत एक विहीर बांधली आहे. अब्रू वाचवण्यासाठी विहिरींत उड्या घेतलेल्या स्त्रियांची ती आठवण. मार्च 1947 मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावी सुमारे 90 शीख स्त्रियांनी अशा उड्या घेतल्या होत्या. हल्ला करणारे मुसलमान होते.

तिथे आमच्या मुलांची रांग थांबली. उर्दू विभागातली मुले आपोआप एका बाजूला सरकली होती. कोणी कोणाकडे बोट दाखवले नव्हते, तरी ती सरकली. मघाशी किचलूंचे नाव लिहून घेणारा मुलगा माझ्याजवळ आला आणि कानात म्हणाला, "मॅडम, यात आपण कोण? मारणारे की मरणारे?"

मी काय म्हणावे? खरे सांगते, मी म्हटले, "आपण रात्री बोलू." शिक्षकाचे हे सर्वांत भित्रे उत्तर. त्याच्या अम्मी-अब्बांनी नेमकी याच प्रश्नासाठी मुलाला माझ्या हवाली केले होते आणि मी तो रात्रीवर ढकलला.

दुपारी जुहरची नमाज आम्ही हॉल बाजारातल्या खैरुद्दीन मशिदीत पढलो. ही मशीद 1876 ची. फाळणीपूर्वी या शहराची जवळपास निम्मी वस्ती मुसलमानांची होती. ती जवळजवळ सगळीच गेली. काही मारली गेली, बाकीची सीमेपलीकडे गेली. डॉ. किचलूंचा फाळणीला विरोध होता. त्यांनाही 1947 च्या दंगलीत आपले जळालेले घर सोडून दिल्लीला जावे लागले. नमाज झाल्यावर तो मुलगा मशिदीच्या कमानीकडे पाहत बसला होता. त्याला अर्धे उत्तर मिळाले असावे.

रात्रीचा वर्ग

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी सर आणि मी सगळ्या मुलांना घेऊन बसलो. मी तो प्रश्न नाव न सांगता मांडला. सर आधी बोलले. ते म्हणाले, "थोहा खालसामध्ये मारणारे मुसलमान होते. ऑगस्टमध्ये अमृतसरच्या गल्ल्यांत आणि पूर्व पंजाबच्या खेड्यांत मारणारे हिंदू आणि शीख होते. म्हणून ज्याला इथे 'आपले' आणि 'त्यांचे' असा हिशोब मांडायचा आहे, त्याला दोन्ही वह्या उघडाव्या लागतील."

मग मी मलेरकोटलाबद्दल सांगितले. पंजाबातले हे मुसलमान संस्थान. 1947 मध्ये आजूबाजूचा मुलूख पेटला असताना तिथे रक्तपात झाला नाही. लोक त्याचे कारण अडीचशे वर्षे मागे शोधतात. गुरू गोविंदसिंगजींच्या दोन लहान मुलांना सरहिंदला जिवंत भिंतीत चिणण्याचा हुकूम झाला, तेव्हा मलेरकोटल्याचे नवाब शेर मोहम्मद खान यांनी भर दरबारात त्याचा निषेध केला होता. मुलांना मारणे इस्लामविरुद्ध आहे, असे ते म्हणाले. त्यांचे कोणी ऐकले नाही. पण शिखांनी ते लक्षात ठेवले. आम्ही ज्या नांदेडहून आलो, तिथेच त्या मुलांच्या वडिलांचे देहावसान झाले, हे आठवले तेव्हा मुले एकदम शांत झाली.

"तर प्रश्नाचे उत्तर असे," मी म्हटले. "मारणाऱ्यांत आपले होते, मरणाऱ्यांत आपले होते आणि वाचवणाऱ्यांतही आपले होते. आणि 'आपले' हा शब्द या खोलीतल्या प्रत्येकाने म्हटला तरी उत्तर बदलत नाही. जन्म कोणत्या घरात घ्यायचा हे आपल्या हातात नव्हते. या तिघांपैकी कोण व्हायचे, ते मात्र आहे."

माझ्या दादीची विहीर

त्या रात्री मी मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी स्वतःच्या मुलांनाही तोवर सांगितली नव्हती.

माझी दादी नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. गावातल्या एका विहिरीजवळून ती कधी जात नसे. लांबचा फेरा घालून शेतात जाई. का, ते तिने आयुष्यात मला एकदाच सांगितले. सप्टेंबर 1948, पोलीस ॲक्शनचे दिवस. निजामाने शस्त्रे खाली ठेवल्यानंतर गावागावांत सूड सुरू झाला. दादी तेव्हा सोळा वर्षांची होती. तिचे वडील आणि थोरला भाऊ त्या विहिरीतून वर आले नाहीत. तिला आणि दोन धाकट्या भावंडांना गावातल्या एका लिंगायत कुटुंबाने आपल्या वाड्यातल्या बळदात तीन रात्री लपवले. दादी सांगायची, "उसीच घर की ज्वारी रझाकारां लूट के ले गए थे." रझाकारांनी ज्यांना लुटले होते, त्यांनीच मुसलमानांच्या पोरांना वाचवले.

आपल्या मराठवाड्याचा हा इतिहास दोन्ही बाजूंनी अवघड आहे. रझाकारांनी हिंदू वस्त्यांवर जे अत्याचार केले ते खरे आहेत आणि त्यांच्याविरुद्ध लढलेल्यांचा आपण दर 17 सप्टेंबरला गौरव करतो, तो योग्यच आहे. त्यानंतर निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली तीही खरी आहे. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्यासोबत आपले नांदेडही होते. तो अहवाल कित्येक दशके दाबून ठेवलेला होता. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्यात आहे.

मराठी विभागातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग आपल्याकडे असं संग्रहालय का नाही?"

सरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "कारण तुमच्या-माझ्या घरातले लोक बोलले नाहीत." ते का बोलले नाहीत, हे मी समजू शकते. बोलले तर सूड जागा होईल, मुले बिघडतील, शेजाऱ्यांशी नाते तुटेल, अशी भीती होती. पण न बोलल्याने दुःख संपत नाही. दादीसारखे ते लांबचा फेरा घालत राहते. आणि ज्या घराने तिला वाचवले त्या घराचे नावही त्या गप्प बसण्यात बुडून जाते. हा आपल्यावरचा कर्ज-बाकीचा हिशोब आहे.

पालक-शिक्षकांसाठी

आता थोडे अनुभवाचे सांगते. कोणाला अशी सहल काढायची असेल तर उपयोगी पडेल.

वय पाहावे. पोलंडमधल्या आउशवित्झच्या छळछावणीच्या संग्रहालयाने 14 वर्षांखालच्या मुलांना शक्यतो आणू नये, असे सुचवले आहे. मला हे माप योग्य वाटते. आठवी-नववीच्या आधी अशा जागा दाखवू नयेत.

जाण्याआधी तयारी आणि आल्यावर बोलणे, या दोन्हींना प्रत्यक्ष भेटीइतकाच वेळ द्यावा. तयारीशिवाय नेलेले मूल घाबरते किंवा कंटाळते. आणि न बोलता घरी सोडलेले मूल रागावते, तो राग सर्वांत धोक्याचा.

ज्या मुलाला आत थांबवत नाही, त्याला बाहेर जाऊ द्यावे. आमच्या दोन मुली विहिरीनंतर बाहेर येऊन पायऱ्यांवर बसल्या. एक शिक्षिका त्यांच्यासोबत थांबली. त्यांना कोणी कमकुवत म्हटले नाही. रडणाऱ्या मुलाला हसू नये आणि न रडणाऱ्यालाही बोलू नये.

आकड्यांपेक्षा एका माणसाची हकिगत सांगावी. आणि मारणाऱ्यांच्या, मरणाऱ्यांच्या गोष्टीबरोबर वाचवणाऱ्याची गोष्ट नेहमी सांगावी. एक जीव वाचवणे म्हणजे जणू सगळी माणुसकी वाचवणे, ही कुरआनची शिकवण आपण मुलांना लहानपणापासून देतो. तिचा चेहरा गुलाम दस्तगीरांमध्ये दिसला, बळदाचे दार उघडणाऱ्या त्या घरात दिसला, तर ती शिकवण मुलांच्या मनात राहते.

शेवटची गोष्ट, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फक्त आपल्या दुःखाच्या जागा पाहू नयेत. बोस्नियातल्या स्रेब्रेनिका येथे जुलै 1995 मध्ये आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले. तिथले स्मारक केंद्र आपल्या मुलांना माहीत असायला हवे. पण आउशवित्झही माहीत असायला हवे, जिथे मारले गेलेले बहुतेक ज्यू होते. जानेवारी 2020 मध्ये मक्केच्या राबिता आलम इस्लामीचे सरचिटणीस मुस्लिम आलिमांचे शिष्टमंडळ घेऊन तिथे गेले होते. ज्याला दुसऱ्याचे रडणे ऐकू येते, त्याने आपले दुःख सांगितले तर लोक ऐकतात.

परत आल्यावर

सहलीनंतर आम्ही मुलांना एकच काम दिले. घरातल्या किंवा गल्लीतल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारायचे, "तुम्ही लहान असताना गावात कुणी कुणाला वाचवलं होतं का?" कोणी मारले, हे विचारायचे नाही. ते सांगायचे असेल तर ती माणसे आपोआप सांगतील. सांगणाऱ्याची इच्छा नसेल तर आग्रह करायचा नाही.

निम्म्याहून अधिक मुलांनी लिहून आणले. 1948 पाहिलेली माणसे आता फारशी उरली नाहीत. बऱ्याच हकिगती ऐकीव होत्या, बापाकडून मुलाकडे आलेल्या. कोणाच्या घरात दंगलीच्या रात्री शेजाऱ्याचे दागिने जपून ठेवले होते, कोणाच्या नानाने बैलगाडीतून दोन कुटुंबे नदीपार नेली होती. एका मराठी विभागातल्या मुलाने लिहिले की त्याच्या पणजोबांना रझाकारांपासून गावातल्या एका मुसलमान हकिमाने लपवले होते. ही पाने आम्ही एका फाइलमध्ये लावली आहेत. फाइल शाळेच्या ग्रंथालयात आहे. तिला संग्रहालय म्हणता येणार नाही. पण सुरुवात म्हणता येईल.

व्हरांड्यात मला प्रश्न विचारणारी ती अम्मी महिनाभराने पुन्हा आली. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला. तिने सही केली आणि म्हणाली, "मॅडम, पोरगी आल्यापासून तिच्या नानीजवळ बसती. रोज. आधी कधी बसत नव्हती."

मी विचारले, "नानी बोलतात का?"

"थोडं थोडं," ती म्हणाली. "परवा रडल्या. पोरीनं पाणी दिलं. मग पुढचं सांगितलं."